गिरजाकाकूची काशाची वाटी

प्रिय माय,

पत्र लिहायला बसले त्याचं कारण गंभीर आहे. निळ्या झाकणाचा डबा कोणाचा?

तू गेलीस तेव्हा आपल्या घरात चूल पेटवायची नव्हती, म्हणून लाखांदूरच्या आख्ख्या गल्लीने डबे आणले. वरणाचे, भाताचे, वांग्याच्या भाजीचे. लोक रडत आले, आम्हाला जेवू घालून गेले आणि भांडी इथेच ठेवून गेले. आता ओट्यावर फौज उभी आहे आणि त्यातल्या निम्म्यांची झाकणं भलत्याच डब्यांवर बसतात. कोणतं भांडं कोणाचं, हे फक्त तुला ठाऊक. वर कायदाही तुझाच, की शेजारचं भांडं रिकामं परत द्यायचं नाही. म्हणजे आधी मालकीण शोधा, मग तिच्या मानापमानाला शोभेल असं काहीतरी त्यात भरा. एवढा मोठा कारभार वारसाला न समजावता कोणी निघून जातं का? तलाठ्याची बदली झाली तरी तो चार्ज देऊन जातो.

डब्यांचा चार्ज दिला नाहीस, ते चालून गेलं असतं. तू बाबांचाही दिला नाहीस.

काल त्यांना सोडून आले. कुठे, ते सांगायलाच हे पत्र. तू एकदा तांदूळ निवडता निवडता म्हणाली होतीस, "वंदे, मी गेल्यावर त्यायले कोठी धाडू नोको." बाबांना घराबाहेर कुठे ठेवायचं नाही, याला मी हो म्हटलं. खडे टाकायची ताटली पुढे कर म्हणाली असतीस तरी मी त्याच सुरात हो म्हटलं असतं. तू त्याला शब्द समजलीस आणि निश्चिंत झालीस. आता रागावायचं तर खुशाल रागाव, पण पत्र शेवटपर्यंत वाच.

बाबांना पार्किन्सन्स आहे हे नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं त्याला कितीतरी वर्षं झाली. गावाला मात्र तू सांगितलंस, "हाताले जरासं कंप हाय." बस. पाहुणे यायच्या आत तू त्यांना खुर्चीत बसवून ठेवायचीस. हातावर शाल. चहा अर्धाच कप, सांडू नये म्हणून. पाहुणा निघून दिसेनासा होईपर्यंत त्यांना उठू द्यायचं नाही, म्हणजे ते उठतात कसे हे कोणाला दिसणार नाही. लोक कौतुकाने म्हणत परतायचे, डायवर साहेबाची तब्येत काय ठणठणीत! तू कोपऱ्यात उभी राहून ते कौतुक पदरात बांधून घ्यायचीस.

कशासाठी गं? आजार काय चोरीचा होता?

तू इतकं नीट झाकलंस की आता खोटारडी मी ठरले. तुझ्या पुण्यानुमोदनाच्या विधीच्या दिवशी मामा चार लोकांत म्हणाले, "जावईबापू चांगले बसून राह्यते, चहा पेते. यायले कायले आश्रम? पोरीले कटकट वाटून राहिली, दुसरं काय." तुझा भाऊ आहे, म्हणून मी आधी गप्प बसले. मग जीभ माझी आहे, म्हणून ती गप्प बसेना. म्हटलं, "मामा, मग तुमच्याकडेच न्या. चार दिवस."

"आमच्याकडं संडास मांगं हाय व, वंदना. पायऱ्या हायेत."

"पायऱ्यांचं काय, बाबा तर ठणठणीत आहेत ना?"

मामा पाणी प्यायला उठले ते जेवणाच्या पंगतीतच पुन्हा दिसले.

त्याच दिवशी बायका आपसात म्हणाल्या की म्हाताऱ्याच्या डोळ्याला पाणी नाही. इतकी वर्षं संसार केला आणि चेहरा दगडासारखा. आता त्यांना कोण सांगणार की हा आजार चेहऱ्यावरही बसतो? हसू आलं तरी हलत नाही, रडू आलं तरी हलत नाही. ते तुलाच कळायचं. तू त्यांच्या कपाळाकडे बघून सांगायचीस, "आज तुह्या बाबाले राग आला हाय." मी तासभर कपाळाकडे बघते, मला कपाळ दिसतं.

आणि ते दारात खिळून उभे राहणं. अंगणात चालतील, ओसरीत चालतील, पण चौकट आली की पाय जमिनीला चिकटतात. डोकं म्हणतं चल, पाय म्हणतात नाही. ढकलायला जाल तर पडतात. डॉक्टर म्हणाले, ठेका द्या, ताल द्या, त्याने पाय सुटतात. तू कुठला ताल देणार, तुला टाळीसुद्धा कधी एका लयीत जमली नाही. पण बाबांनी सगळी नोकरी एसटी चालवण्यात काढली होती. कंडक्टरने दोरी ओढून घंटी दिली की चालायचं. एक घंटी म्हणजे थांब, डबल म्हणजे चल. तू त्यांच्या तळपायांना काशाच्या वाटीने तेल घासायचीस. एकदा ते स्वयंपाकघराच्या दारात अडकले आणि तुझ्या हातात तेव्हा वाटी आणि चमचा होता. तू वैतागून वाजवलंस, टण टण. पाय सुटले.

त्यानंतर आपल्या घराला कंडक्टर मिळाला. सकाळी न्हाणीकडे टण टण, दुपारी जेवायला टण टण. मी सुट्टीला आले की हसायचे. बाबा चौकट ओलांडताना म्हणायचे, "तिकीट झाले का सगळे?" तू म्हणायचीस, "झाले, तुमी चाला."

भंडारा जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला, तेव्हाही ते असंच काहीतरी बोलले होते, आठवतं? कोणी ओसरीवर मोठ्या तावातावाने भाषण देत होतं. बाबा म्हणाले, "गाडीचा बोर्ड बदलला, गा. खड्डे तेच हायेत." हा माणूस आता बोलला तर तोंडाला कान लावावा लागतो आणि लोकांना वाटतं त्याला काही कळत नाही.

तू गेल्यावर मी स्टीलचा गिलास आणि चमचा घेतला. न्हाणीच्या दारात उभ्या बाबांमागे उभी राहून वाजवला. काही नाही. पुन्हा वाजवला. पाय हलेनात. शेवटी ते पुटपुटले म्हणून मी वाकले.

"सिंगल देऊन राहिली तू."

"दोनदा वाजवलं, बाबा."

"दोन सिंगल. गाडी थांबूनच हाय, आनखी किती थांबवशीन?"

दोन ठोक्यांमध्ये मी श्वास घेत होते, तेवढीच चूक. पण गिलासाचा आवाजही तो नव्हता. दिवसभर शोधून वाटी सापडली, पलंगाखाली, तेलाच्या डब्यात. तिच्यावर डबल दिली आणि ते गेले, शिस्तीत, डाव्या बाजूने.

मग तुला दिलेला शब्द पाळायला मी त्यांना भंडाऱ्याला माझ्याकडे नेलं. हेही तुला माहीत असू दे. सांभाळायला बाई ठेवली. तिला ते उचलेनात, ती तिसऱ्या दिवसापासून आलीच नाही. रजा संपली होती, शाळेत शिकवायला गेले. परत आले तेव्हा बाबा संडासाच्या दारात पडलेले. किती वेळ, ते त्यांनी सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, "घंटी नोयती."

त्या दिवशी मी तुझ्यावर जेवढी चिडले तेवढी आयुष्यात कोणावर चिडले नाही. तुझ्यानंतर दुसरा कोणी लागेल, हे तुझ्या मनात एकदाही आलं नाही? की येऊ द्यायचं नव्हतं? तुझ्यावाचून या माणसाचं पाऊल हलत नाही, हे ऐकायला तुला थोडंसं बरंही वाटत असेल. वाटलं असेल तर सांग. तुला आता काय कोण बोलणार आहे?

प्रकाशला फोन केला. तुझा मुलगा पुण्याला असतो आणि फोनच्या पडद्यावर फारच मायाळू दिसतो. म्हणाला, "ताई, तू बघ. तू जे ठरवशील ते मला मान्य." हे वाक्य आपल्या घराण्यात पुरुषांना जन्मतः येतं.

म्हणून मी बघायला निघाले.

पहिला आश्रम भंडाऱ्यापासून जवळच. फाटकापासून भिंतींवर आईबापांची महती रंगवलेली. व्यवस्थापक अदबीने बोलले. त्यांचा नियम एवढाच, की राहणाऱ्याला आपलं आपण करता आलं पाहिजे. मी विचारलं, आपलं आपण करता येणारा माणूस इथे कशाला येईल? ते म्हणाले, "मॅडम, तो आमचा नियम आहे." येताना पुन्हा त्या भिंती वाचल्या. आईबाप मोठे, हे खरं. फक्त आईबापांनी स्वतःच्या पायांनी न्हाणीत गेलं पाहिजे.

दुसरं ठिकाण नागपूरला. दारात काचेची मोठी पेटी, तीत सोनेरी मासे. गुळगुळीत फरशी, बागेत झोपाळा, टेबलामागे गोड आवाजाची मुलगी. मी तिला सांगितलं की बाबांची गोळी जेवणाच्या अर्धा तास आधी द्यावी लागते, जेवणावर दिली तर लागू पडत नाही आणि मग दुपारभर अंग लाकडासारखं होतं. ती म्हणाली, "मॅम, आमच्याकडे औषधांचा राउंड जेवणानंतर असतो. सगळ्यांचा." बरं म्हटलं, दारात अडकतात त्याचं काय कराल? ती हसली. इतका सोपा प्रश्न तिला कोणी विचारला नसावा.

"मॅम, आम्ही पहिल्या दिवसापासून व्हीलचेअरच देतो ना. चालायचा प्रश्नच नाही."

चालायचा प्रश्नच नाही. चालत आलेला माणूस खुर्चीत बसवायचा, पडला नाही म्हणून आपण मोकळे आणि महिनाभरात पाय आहेत हे तोच विसरला म्हणून तोही मोकळा. निघताना एक माणूस माशांना खाऊ घालत होता, घड्याळ बघून.

तिसरं ठिकाण सानगडीच्या अलीकडे, रस्त्याला लागून. शाळेसारखी लांबट इमारत, पुढे पडवी, आत फिनाइलचा वास. ते चालवणाऱ्या नलूबाई तांदळाचं पोतं मोजून घेत होत्या. त्यांचा चष्मा दोरीने गळ्यात लटकलेला. मला बस म्हणायच्या आधी त्यांनी विचारलं, "पडते का?"

"पडतात."

"रातचे उठते?"

"उठतात."

"भांडते?"

"आवाज निघत नाही. नाहीतर भांडले असते."

त्यांना ते आवडलेलं दिसलं. मी गोळीचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "गोळी आधी देईन. गोळीले उशीर झाला त पंगतीत हे अर्धा घंटा न जेवता बसतीन आन् चिडतीन, हे सांगून ठेवतो."

"चिडू द्या."

मग मी घंटीचं सांगितलं. वाटी पर्समधून काढून वाजवूनही दाखवली. पोत्यापाशी उभा असलेला हमाल थांबला. नलूबाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला.

"हे पाहा, बाई. मी असली त वाजवीन. मी नसली त पोरी वाजवतीन का नाही, ते मी आज सांगत नाही. कामाची घाई असली का दोघी धरून उचलून नेतीन. खोटं कायले बोलू?"

तिथेच माझं ठरलं, माय. सगळी व्यवस्था आहे असं सांगणाऱ्या दोन जागा मी पाहून आले होते. ही पहिलीच बाई, जिने काय जमणार नाही ते आधी सांगितलं. प्रकाशला कळवलं तर म्हणाला, "ताई, नागपूरचंच बरं नव्हतं का? त्यांची वेबसाइट किती छान आहे."

आता उरलं बाबांना सांगणं. ते मी टाळत होते. भिंतीवरच्या तुझ्या फोटोला हार घालायचं निमित्त करून मी त्यांना दोन दिवस लाखांदूरला आणलं, ओसरीत खुर्चीत बसवलं, शाल न घालता. म्हटलं, "बाबा, एक जागा पाहिली आहे. तुम्हाला तिथे राहावं लागेल."

मग ओठ हलले, म्हणून मी कान नेला.

"मुक्कामी हाय?"

"हो. मुक्कामी आहे."

"तुमसर डेपोले होतो, तई सिहोऱ्याची मुक्कामी गाडी माह्याकडे होती. राती गाडी उभी करो, टपावर झोपो. गावातले लोकं भाकर आणून देत. वाईट काय होतं? वाईट तुह्या मायले वाटे. एकटीले भेव लागे तिले."

मी कान तसाच ठेवला.

"म्हणून त म्हने ते, कोठी धाडू नोको. भेव तिचं. तिकीट माह्या नावानं फाडलं."

ऐकलंस? इतकी वर्षं तू ज्याच्यासाठी कंबर मोडून घेतलीस, त्याला एकदा तरी विचारलं होतंस? मामांनी विचारलं नाही, प्रकाशने नाही, आणि मी तर तीन जागांना शंभर प्रश्न विचारून आले होते. उरलेला एक प्रश्न घरात खुर्चीवर बसला होता. तुला वाटायचं, त्यांना आपण सोडू नये. त्यांना वाटायचं, तुला एकटीला भीती वाटेल. आता तुला भीती वाटायचं कारण उरलं नव्हतं, म्हणून ते निघायला तयार होते.

मग मी त्यांच्या कपाळाकडे पाहिलं. काही दिसलं की नाही, ते तुला सांगणार नाही. तुझ्याकडे एवढं तरी कोडं राहू दे.

जायच्या आदल्या दिवशी वाटी घासायला घेतली. राख लावून घासली तेव्हा बुडाशी अक्षरं उमटली. सौ. गिरजाबाई. माय, ती वाटी आपली नव्हतीच. शेजारच्या गिरजाकाकूची!

मी वाटी घेऊन तिच्याकडे गेले. म्हटलं, "काकू, ही तुमची. इतकी वर्षं आमच्याकडे कशी राहिली?"

"माह्या लग्नातली हाय ते. तुह्या मायनं एका दिवसासाठी नेली होती, तुह्या बाबाच्या पायाले घासाले."

"मग मागितली का नाही?"

काकू शेंगा सोलत होती. सोलतच राहिली. "मांगनारच होती. मंग भिंतीतून आवाज येऊ लागला तिचा. टण टण. मी चुलीपाशी असो, म्हनो, हं, डायवर उठले. दुपारी म्हनो, हं, जेवाले बसले. आता चालत्या मानसाची वाटी कशी मांगू व?"

म्हणजे गल्लीला काही कळू नये म्हणून तू शाली पांघरल्यास, अर्धे कप भरलेस, आणि भिंतीपलीकडे एक बाई रोज सगळं ऐकत होती. कोणाला बोललीसुद्धा नाही. तिला सांगितलं असतंस तर ती हात द्यायला आली असती. न सांगताही तिने तिची वाटी दिलीच.

मी वाटी पुढे केली. काकूने हात मागे घेतला. "ने. तिथी लागन." मग म्हणाली, "आता घर मुकं होईन तुमचं."

आणि तुझा कायदा, माय? शेजारचं भांडं रिकामं परत द्यायचं नाही. तू तर परतच दिलं नाहीस.

काल सकाळी गाडीने गेलो. नलूबाई पडवीत उभ्या होत्या, मागे दोन पोरी, आतून दोन-तीन म्हातारे मान काढून नवा गडी बघत होते. बाबा पडवीपर्यंत चालले आणि चौकटीत थांबले. पाय खिळले. एक पोरगी धरायला पुढे झाली. नलूबाईंनी तिला हातानेच थांबवलं आणि माझ्याकडे पाहिलं.

मी वाटी काढली. मध्ये श्वास न घेता वाजवली.

बाबा आत गेले. जाता जाता काहीतरी म्हणाले, नलूबाईंना ऐकू आलं नाही. मला आलं. "तिकीट झाले का सगळे?" म्हणत होते. त्याचं उत्तर तुझं वाक्य होतं, ते मी तुझ्यासाठीच ठेवलं.

वाटी आणि चमचा मी नलूबाईंच्या हाती दिला. त्यांनी तिथल्या तिथे एकदा वाजवून पाहिली. आतून, कुठल्या तरी खाटेवरून, बाबांचा पुसट आवाज आला असावा, कारण त्या पोरीने हसून सांगितलं, "बाबा म्हणते, सिंगल दिली."

तर तुला दिलेला शब्द मोडला. त्याच्या बदल्यात दुसरा देते, हा तांदूळ निवडताना दिलेला नाही. दर रविवारी जाईन. आधी आत शिरणार नाही, पडवीत उभी राहून ऐकेन, वाटी वाजते का. नाही वाजली तर भांडेन, तुला माहीत आहे मला ते जमतं. आणि गल्लीत कोणी विचारलं, बाबा कसे आहेत, तर आहे तसं सांगेन. अर्धा कप भरून देणार नाही.

निळ्या झाकणाचा डबा अजून ओट्यावरच आहे. असू दे.

कालच परतताना भंडाऱ्यात उतरले. कासाराकडे तशीच काशाची वाटी मिळाली, जरा जड. बुडाशी नाव घालून घेतलं, सौ. गिरजाबाई. आज लाखांदूरला येऊन ती नव्या चिन्नोर तांदळाने काठोकाठ भरली आणि शेजारी गेले. काकू शेतावर गेली होती, दार नुसतं लोटलेलं. तिच्या फडताळात चुलीच्या बाजूला वाटी ठेवली, वर बशी झाकली आणि दार पुन्हा लोटून आले.

तुझी,
वंदी